कळ आली की कळ दाबा

मी पंप बोलतोय. पाणी उपसणारा नव्हे हं, दुखणं उतरवणारा. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या खाटेशेजारी स्टँडवर बसतो. माझी नळी त्याच्या शिरेत आणि बटण त्याच्या मुठीत. दुखलं की दाबायचं, औषध आत. कोणी हपापल्यासारखं दाबत सुटलं, तरी ठरल्यापेक्षा थेंबभर जास्त देत नाही. आपलं काम चोख!

कारखान्यातून आलो तो वॉर्डच्या कपाटात धूळ खात पडलो. गोळ्या-इंजेक्शनं मिरवत होती. एकदाची डॉक्टरांना माझी आठवण झाली, ती शिवणकाम करणाऱ्या मावशीसाठी.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पायाने मशीन चालवून तिने घर चालवलेलं. लवकर उठून पाय हलवला नाही तर गुडघा आखडेल आणि मशीन कायमची सुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सिस्टरने माझं बटण तिच्या मुठीत दिलं. मावशीला नीट समजावं म्हणून शुद्ध भाषेत म्हणाली, "कळ आली की कळ दाबायची." आणि गेली पुढच्या खाटेकडे.

मावशीने मान डोलावली आणि खरंच कळ दाबली. ओठ मिटून, उशी आवळून! मी आपला तयारीत, पण बोलावणंच येईना. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिचा पाय खाटेखाली सोडला, तशी ती पांढरीफटक पडली. उभं राहणं दूरच. यंत्र बिघडलंय, असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघत नाकं मुरडली. जीव जळला हो माझा.

शेवटी उशाशी बसलेली तिची लेक वैतागली. "आई, तू दाबत का नाहीस?"

"दाबतेय की सकाळपासून. आणखी किती दाबू?"

लेक हसायला गेली आणि रडलीच. ती बटणाला हात लावणार, तोच सिस्टरने अडवलं. ते मावशीनेच दाबायचं असतं. मग मावशीने अंगठा टेकवला. हळूहळू तिचा चेहरा सैलावला आणि संध्याकाळी ती वॉकर धरून उभी राहिली. माझा ऊर भरून आला.

पण चालायला लागल्यावर माझीच अडचण व्हायला लागली. नळी वॉकरमध्ये अडकायची, लेक स्टँड ढकलत मागून धावायची. डॉक्टर म्हणाले, आता गोळीवर भागेल, याला काढा. झोंबलं मला, खोटं कशाला बोलू?

नळी सुटली. मावशी दोन्ही हातांनी वॉकर धरून दारापर्यंत गेली आणि वळली. मला वाटलं, माझा निरोप घेतेय. छे! लेकीला म्हणाली, "चल ना, मागे काय राहिलीस?"

तेव्हा सांगून ठेवतो, तुमच्या खाटेशी आलो तर मला खुशाल राबवा. आणि पाय चालायला लागले की हाकलून द्या.