अमेरिकेचं स्थळ

अमेरिकेचे दिवस फिरलेत हे पिंप्राळ्यात सगळ्यांत आधी कापडवाल्या जवरीलालशेठना कळलं. टीव्हीवरचे पंडित अजून घसा ताणून भांडत होते, तोवर शेठनी नातवाचं तिकडचं ठरलेलं कॉलेज रद्द करून त्याला जर्मनीला धाडूनही दिलं. हळूहळू गल्लीतही फरक दिसू लागला. "जितेंद्र येताना फोन आणेल का हो?" असं त्याच्या आईला, चारुलताला, कुणी विचारेना. लग्नकार्यात पुढच्या रांगेत कुणी आग्रहाने बसवेना. उलट बायका हळूच विचारायच्या, "पोरगा बरा आहे ना तिकडे?"

कळलं नव्हतं ते एकट्या तिच्या नवऱ्याला.

हेमराजभाऊ दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. पोरगा तिकडे नोकरीला गेल्यापासून गृहस्थ अमेरिका खांद्यावर घेऊनच कॉलनीत फिरत होते. मागच्या महिन्यात जितेंद्रचा फोन आला. नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत संपत आली होती. "पप्पा, घरी येऊ का?" त्याने विचारलं. आणि या बापाने काय सांगावं? "तिथेच दम धर. असा हात हलवत आलास तर मी कॉलनीत तोंड कसं दाखवू?"

चारुलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून ती नवऱ्याचं ताट वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

भाऊंनी मात्र नवंच खूळ काढलं. झटपट लग्न उरकायचं, म्हणजे पोराचं मन तिकडे लागेल! धुळ्याचं स्थळ आलं. नोकरी गेल्याचं मुलीकडच्यांना सांगितलंच नव्हतं. मुलगी बघायला जाताना गाडीत चारुलताला तोंड उघडावंच लागलं.

"खोटं बोलून कुणाची पोर घरात आणू नका."

"तू गप्प बस. अमेरिका म्हटलं की लोक आजही उठून उभे राहतात."

मुलीचे वडील निंबाआप्पा कापूस पिकवणारे, सरळ माणूस. ते उठून उभे राहिले खरे, पण पाहुण्यांना पाणी द्यायला. मुलीने, भूमिकाने, पोहे आणून दिले आणि ती आईजवळ जाऊन बसली. चहा झाल्यावर आप्पांनी हात जोडले.

"भाऊ, राग मानू नका. पन अमेरिकाले आम्ही पोर देवाव नहीत."

भाऊंचा कप तोंडाशीच थांबला. "अहो, महासत्ता आहे ती!"

"व्हती व्हई, भाऊ. मना साडूना पोऱ्या मागला महिनामा माघारे ऊना. आते तठे काय शे? तुमना पोऱ्या घर येवाव व्हई, ते आजच सुपारी फोडूत."

पोरगा घरी यायला तडफडतोय आणि हा माणूस म्हणतोय, तो परत येणार असेल तर आजच लग्न ठरवू! चारुलताने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता त्याने.

"तो कशाला परत येईल?" भाऊ हसले. "राजासारखा राहतो तिथे."

"खोटं!" चारुलता ताडकन उठली. "नोकरी गेलीय त्याची. मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपतो माझा पोरगा. येऊ का म्हणून विचारत होता, आणि या माणसाने नको सांगितलं. पोटच्या पोराला! कशासाठी? तर कॉलनीत मिरवायला!"

निंबाआप्पा खाली बघत म्हणाले, "अक्का, पोऱ्याबद्दल मना काही म्हननं नही. पन ज्या घरमा असं खोटं बोलतस, तठे मी पोर देवाव नही."

बरोबरच बोलला माणूस. चांगलं स्थळ हातचं गेलं, याचंही तिला त्या क्षणी काही वाटलं नाही. तिने तिथेच फोन लावला.

"जितू, तिकीट काढ. घरी ये."

पलीकडून बारीक आवाजात त्याने विचारलं, "पप्पा हो म्हणाले?"

तिने फोन नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. "बोला."

भाऊंचा चेहरा पार उतरला होता. "ये," ते म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच त्यांनी घाईघाईने पुढे जोडलं, "फक्त रात्रीचा पोहोच. म्हणजे कॉलनीत कुणी बघणार नाही."

चारुलताने फोन हिसकावून घेतला.

"भर दुपारी ये!" ती ओरडली. रडत होती, तरी आवाज खणखणीत होता. "ऐकतोस ना? भर दुपारी ये. मी वाजंत्री लावून दारात उभी राहते."