विहिरीजवळची झाडं

गांजा म्हणजे काय, हे मी गोजरबाईंना तिसऱ्यांदा सांगत होते आणि माझा पारा चढत होता. त्यांच्यावर नाही, कायद्यावर. झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा. चीक काढला तर चरस. नुसती पानं खुडली तर तो गांजा नाही, पण शेंड्यासकट सापडली की पानंही काट्यावर चढतात.

त्यांच्या मुलाने, राजकुमारने, धाड गावाजवळच्या शेतात तुरीच्या आड ही झाडं लावली होती. महाशिवरात्रीला गावच्या महादेवाची भांग पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरून जायची. पानं तेवढी घ्यायची, शेंडे उकिरड्यावर. पोलीस त्याआधीच आले, झाडं उभी असताना. मुळं, माती, देठ, सगळ्याच्या पेंढ्या बांधून वजन भरलं एकवीस किलो.

विसाच्या आत असतं तर लागवडीचा गुन्हा राहिलाच असता, पण जामिनाची आशा होती. विसाच्या वर गेलं की आरोपी निर्दोष असावा असं न्यायाधीशाला वाटल्याशिवाय सुटका नाही. पकडायला सोपं, सोडायला महाकठीण! राजकुमार तुरुंगातून एकच सांगत होता: मला गाडीत बसवलं तेव्हा काटा सतरावर होता, पुढचं पोलिसांनी वाढवलं. मी लिहिलेला जामिनाचा सगळा अर्ज त्यावरच उभा होता. आता तसं आईचं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

"वजन वाढवताना तुम्ही पाहिलं ना?" मी विचारलं.

गोजरबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"त्याहिनं नाही वाढोलं, वकीलबाई. विहिरीजोळ तीन झाडं राह्यली होती, त्याहिले दिसली नाही. मी म्हणलं, मागून सापडली तं पोराले अजून मारतीन. मीच उपटून आणली अन् काट्यावर ठेवली."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. लपवायचं नाही, म्हणजे सुटका होते, एवढंच त्या माउलीला ठाऊक होतं. प्रतिज्ञापत्राचा कागद मी बाजूला सारला. यावर सही घेता येणार नाही, मी म्हणाले.

"राजूले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तो रोज मायच्या सहीची वाट पाहून राह्यला. माय सही काऊन करत नाही, असं त्यानं इचारलं तं तुमी काय सांगसान?"