तिसऱ्या महिन्याआधी

गर्भाची वार्ता तीन मास पूर्ण होईपर्यंत उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये, हा सुलतानपुरातील घरोघरीचा दंडक. वच्छलाबाईंनी तो स्वतःच्या बाळंतपणांत व्रतासारखा पाळला होता. सुनेच्या वेळी मात्र त्यांना तो साधला नाही. गतवर्षी काजलला दिवस गेल्याचे कळताच त्यांनी हर्षभराने साऱ्या गल्लीस सांगितले. पुढे गर्भ गळाला, तेव्हा त्याच गल्लीने सांत्वनाच्या मिषाने काजलचे काळीज कुरतडले.

परवा दुपारी ओसरीवर काजलचा फोन वाजला. ती परसात कपडे वाळत घालीत होती. वच्छलाबाईंनी तो उचलून स्पीकरवर लावला.

"नमस्कार. मी शासनाची संगणकीय आरोग्य सहायिका बोलते आहे. आपण काजलताई का?" स्वर माणसासारखाच, अत्यंत मृदू.

परसाकडे एकवार पाहून त्या म्हणाल्या, "हाव."

"आपला सातवा आठवडा सुरू आहे. मळमळ कमी झाली का?"

वच्छलाबाईंनी मान वर केली. ओल्या हातांनीच काजल दारात येऊन उभी होती.

"काय वं, मले नाही सांगतलं अन् या डबड्याले सांगतलं?"

"काऊन सांगू तुमाले? मागच्या टायमाले सांगतलं, तं सांजपावतर साऱ्या गल्लीले मालूम."

"मी काय तुयी वैरीन हाओ?"

"वैरीन पाठीमागं बोलते, आत्याबाई. तुमी तं बायाइसमोर म्हनलं, हिच्या पोटात टिकतच नाही."

वच्छलाबाईंनी दुसरीकडून वार केला.

"अन् हे सरकारी मशीन कोनाकोनाले सांगन, ठाव हाय का तुले?"

"नाही ठाव. पन ते टोमने नाही मारत."

फोनमधील स्वर अद्याप शांतपणे तिष्ठत होता. "आपली माहिती शासनाच्या संग्रहात कायम ठेवण्यास संमती आहे का? हो किंवा नाही म्हणा."

"नाही म्हन," वच्छलाबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. "घरची गोष्ट हाय. नाही म्हन, काजल."

काजलने सासूच्या डोळ्यांवरून दृष्टी ढळू दिली नाही.

"हाव."

"धन्यवाद, काजलताई."

वच्छलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मीठ-मोहरीची मूठ भरून परतल्या. दृष्ट काढायची तर मूठ अंगावरून उतरवावी लागते. काजल दोन पावले मागे सरली.

"माह्यावरून नोका उतरवू. तुमचीच लागली होती मागच्या खेपेले."

वच्छलाबाईंनी वळून ती मूठ तशीच, कोणावरूनही न उतरवता, चुलीत टाकली.