झाकली टोपली

सुगीच्या सणाला आमच्या चर्चमधला लिलाव नाथाजीच्याच तोंडानं व्हायचा, हे कधीपासून ठरूनच गेलंय. नाथाजी म्हणजे मीच. एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे घसा तयार आहे आणि कुणाला कुठवर ताणायचं याचा अंदाजही. बाजरी निघाली की कवठे महांकाळच्या आसपासच्या वस्त्यांवरून मंडळी जमतात. कुणी धान्य आणतं, कुणी डाळिंबं, कुणी कोंबडी. ते देवापुढं ठेवायचं, मग त्याचा लिलाव. ‘तीन वार’ म्हणून मी टेबलावर हात आपटला की वस्तू गेली. तोवर ती देणाऱ्याची. रंगुबाई आमच्या मंडळीतली नव्हे, धनगरवाड्यातली, बिरोबाची भक्त. पण कोंबड्यांसाठी दर साली पहिल्या बाकावर येऊन बसते आणि तिला उठवायची कुणाची छाती नाही.

यंदा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. राणी, माझी एकुलती एक लेक, मिरजेला नर्स आहे. झांबियातल्या एका मिशन दवाखान्यात दोन वर्षं बिनपगारी काम करायचं तिच्या मनानं घेतलं होतं. “तुमी हो म्हणल्याबिगर जाणार न्हाई,” असं म्हणून तिनं सगळं ओझं माझ्याच डोक्यावर दिलं. भांडून गेली असती तर निदान मला धड रागावता तरी आलं असतं.

मी कारणं काय कमी काढली! तिथं मलेरिया आहे. तुझं लग्नाचं वय आहे. “हितं काय आजारी माणसं संपली व्हय?” हेही विचारलं, आणि तो प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही.

“न्हाई संपली,” राणी म्हणाली. “पण हितं मी रजा टाकली तर दुसरी नर्स उभी ऱ्हाती. तितं अडलेल्या बाईला हात लावायलाबी कुणी न्हाई, आबा.”

खरं कारण मी सांगितलंच नाही. तिची आई गेल्यापासून संध्याकाळी मिरजेची गाडी यायच्या वेळेला मी स्टँडवर जाऊन उभा राहतो. राणी उतरते, पिशवी माझ्या हातात देते आणि आम्ही घरी येतो. माझा सगळा दिवस त्या पिशवीसाठी असतो.

सणाच्या आदल्या दिवशी चर्चमागची एडिथबाईंची कबर चुन्यानं रंगवायची, ही आमची रीत. एडिथबाई विलायतेतली नर्स. सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर जाऊन तिनं बाळंतपणं केली आणि शेवटी इथल्याच मातीत गेली. यंदा राणी कुंचला मारता मारता म्हणाली, “आबा, ह्यांच्या वडलांचं नाव काय हुतं वो?”

“मला काय ठावं!” मी खेकसलो, बादली उचलली आणि चालू पडलो.

दुसऱ्या दिवशी लिलाव जोरात झाला. सगळ्यात शेवटी असते झाकली टोपली. देणाऱ्यानं नाव न सांगता ती ठेवायची, मी आत न बघता तिचं कौतुक करायचं, बोली लागली की फडकं काढायचं. गंमत असते नुसती. एका साली आतून मांजर निघालं होतं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची!” मी आरोळी ठोकली. “ज्यानं दिलंय त्यानं हात आखडला न्हाई, मंडळी. काळजाचा तुकडा काढून ठेवलाय! असं दान घरात दाबून ठेवणारा करंटा! बोला!”

“एक कोकरू,” रंगुबाई म्हणाली. सगळे हसले. मी फडकं ओढलं.

आत राणीचं घड्याळ होतं. नर्सा छातीवर उलटं टाचतात ते. तिच्या आईनं घेऊन दिलेलं.

राणी मागच्या बाकावरून उठली. “माझी दोन वर्षं,” ती म्हणाली. “मला ना शेत, ना कोंबड्या. येळ तेवढा हाय. आबा, तुमी तिसरा वार न्हाई म्हणला तर मी टोपली माघारी नेईन. रुसणार न्हाई.”

मला असा संताप आला म्हणता! चारचौघांत, आणि तेही माझ्याच जिभेनं मला बांधून! पाळकसाहेब खाली मान घालून चपला बघत बसले. सवयीनं मी “एक वार” म्हणालो. “दोन वार”ही म्हणालो. तिसऱ्या वाराला उचललेला हात मात्र टेबलावर आलाच नाही.

“आवं कंडक्टर, घंटी द्या की,” रंगुबाई म्हणाली. “गाडी का थांबीवली?”

कुणी हसलं नाही. ती हात टेकत उठली. “जल्मताना माझं पाय आदी आलं हुतं. ती मडम नसती तर आईसंगट मीबी गेले आस्ते. तिच्या बानं धाडलंच न्हवं तिला? मग लेकीबिगर त्येला काय करमलं आसंल व्हय?”

इतकी वर्षं मी ती कबर रंगवली, पण त्या माणसाचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. आता तो मला दिसला. कुठल्या तरी परक्या स्टेशनवर, गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडे बघत उभा. मला रडू आलं, आणि ते सगळ्यांदेखत आलं.

“राणी, मला करमणार न्हाई गं,” मी म्हणालो. माईक चालूच होता.

“मला म्हाईत हाय, आबा.”

“तीन वार,” मी म्हणालो आणि हात आपटला.

शेवटी देणाऱ्यांची नावं घेऊन देवाचे आभार मानायचे असतात. तेही माझंच काम. धान्यवाले, डाळिंबवाले, कोंबडीवाले सगळे घेतले. रंगुबाईला घेतलं, कोकरासकट. राणीचं नाव घेतलं, तिच्या दोन वर्षांसकट.

सगळे ‘आमेन’ म्हणायला थांबले होते.

“आणि एडिथबाईंचे वडील,” मी म्हणालो. “त्यांचं नाव आम्हाला माहीत नाही.”