टिल्लूच्या गाडीचं इंजिन

"अडकतंय," हे म्हणाले आणि पुन्हा पाना उचलला.

मला हसावं की रडावं कळेना. आमचं वर्कशॉप इंजिनं बांधण्याचं. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, घासून मापात आणायचं काम माझं, जुळणी ह्यांची. ही क्रँक मी स्वतः घासली होती, आणि माझ्या हातची क्रँक अडकते असं आजवर एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेलं नाही. म्हणायची बिशाद नाही कुणाची.

ही गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, आमच्या टिल्लूची होती. एकुलता एक. नावाला टिल्लू, उंचीने ताडमाड. कुठून तरी ही जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी उचलून आणली त्याने. इतकी बुटकी, की आत बसला की गुडघे कानाला लागायचे. "अरे, ही गाडी आहे की टप?" मी विचारलं, तर बापलेकांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोघं तोवर बॉनेटमध्ये डोकं घालून बसले होते. तिचे नटही महाहट्टी, जुन्या इंग्रजी मापाचे. आमचा एक पाना लागेल तर शपथ. इंजिन उतरवलं, सुटं केलं, आणि मध्येच पोराला ताप आला. आठवडाभर दवाखाना, आणि संपलं सगळं.

तेव्हापासून हे तेच इंजिन जुळवतायत. जुळवायचं, क्रँक हाताने फिरवायची, अडकतंय म्हणायचं, पुन्हा सोडायचं. बाकीची कामं धूळ खात पडली. ताटावर बसले तरी लक्ष शेडमध्ये. धड बोलणं नाही की डोळ्यांतून टिपूस नाही. पोरासाठी मी एकटीनेच रडायचं, एकटीनेच गप्प व्हायचं. जीव नुसता मेटाकुटीला आला होता माझा.

त्या दुपारी हे हात धुवायला गेले, तशी मी क्रँक फिरवून पाहिली. बोटाच्या धक्क्याने फिरली. तरी मनात शंका नको म्हणून बेअरिंगमध्ये मापाचा बारीक दोरा ठेवून कॅप आवळली आणि परत उघडली. दोरा किती चपटा होतो त्यावरून आतली फट कळते. फट हवी तेवढीच होती.

हे आले तसं मी म्हटलं, "अहो, कुणाला बनवताय? काही अडकत नाहीये."

ह्यांनी पुन्हा पाना उचलला.

"बांधून टाका एकदाचं, आणि माणसात या. मला आता तुमच्याशिवाय आहे कोण?"

"बांधतो की," म्हणाले. "घाई काय आहे?"

डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या दिवसापासून मीच पदर खोचला. रिंगा मी चढवल्या, पिस्टन मी आत सोडले. हे नुसते शेजारी उभे. मग मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवलं आणि मुद्दाम कोपऱ्यातला नट आधी आवळायला घेतला. हेडचे नट मधून बाहेर आवळत जायचे, नाहीतर हेड वाकतं, हे मला सासऱ्यांनी नवी नवरी असतानाच शिकवलंय. पण ह्यांना ते बघवणार थोडंच! "अगं, काय करतेस हे?" म्हणत त्यांनी पाना हिसकावून घेतला आणि सगळे नट स्वतः आवळले. त्या दिवशी पोटभर जेवले. मला वाटलं, जिंकले मी.

पुढचं सगळं ह्यांनीच केलं. इंजिन गाडीत चढलं, तेल भरलं, पेट्रोल आलं. हे गुडघे दुमडून आत बसले आणि स्टार्टर मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि मग असं धडधडलं, की शेडचे पत्रे थरथरले. ह्यांचा चेहरा लख्ख उजळला. किती दिवसांनी बघत होते मी तो चेहरा. धडपडत बाहेर आले, दारात गेले, आणि घराच्या माडीवर टिल्लूच्या खिडकीकडे मान वर करून ओरडले, "टिल्लू, अरे लवकर खाली ये, चालू झाली!"

आणि मीही वर बघितलं.

खिडकी बंद होती. मागे इंजिन छान एका लयीत चाललं होतं. हे दारातच खाली बसले.

"म्हणून बांधत नव्हतो गं," म्हणाले.

मी जाऊन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि त्यांच्याशेजारी बसले. हे तोंडावर हात घेऊन रडत होते, आणि ज्या रडण्याची मी इतके दिवस वाट बघितली, ते मला ऐकवेना.