गडग्यापलीकडचा बहर

चैत्राची पहिली सकाळ घासलेल्या तांब्याच्या ताटासारखी उजळत आली. डोंगराच्या खांद्यावरून उन्हाचा पदर ओघळला, कुंपणाला रचलेल्या जांभ्या दगडांच्या गडग्यावर पसरला आणि दगडांवर वाळून गेलेले शेवाळ क्षणभर सोन्याचे झाले. परसातल्या कोकमाच्या जुन्या झाडावर पहिली फळे लाल होऊ लागली होती. हिरव्या अंधारात लोंबणारे, अजून न फुललेले अंगार.

अंगणात गुढी उभी होती. गुढीच्या पायाशी गुणवंती बसली होती, मांडीवर वही, बोटांत शिसपेन्सिल. आणि समोर तुळशीकट्ट्यावर, काळ्या पिशव्यांत, कोकमाची दोन कलमे उभी होती: एक तजेलदार, भरदार पानांचे, एक सडपातळ, लाजऱ्या पोरीसारखे मान कलवून.

चौतीस वर्षे फळसंशोधन केंद्रात कलमे बांधून ती गेल्या आषाढात निवृत्त झाली होती. हे पहिले वर्ष सबंध तिचे. भोंगा नाही, हजेरी नाही, कुणाच्या हाकेला ‘होय सर’ नाही. म्हणून ती संकल्प लिहीत होती, आणि प्रत्येक संकल्पाला मऊ गाठ मारीत होती. चालायचे, गुडघे म्हणतील तितके. भजनाला जायचे, सूर लागला तर. बहिणीकडे आठ दिवस राहायचे, ती भांडली नाही तर. कलमाची पट्टी सैल राहिली तर जोड सुकतो, आवळली गेली तर साल गुदमरते. बांधण्यातले ते मधले माप तिच्या बोटांना ठाऊक होते.

“झाले काय गो संकल्प लिवान?” ओटीवरून न्हानूने विचारले. तिचा नवरा; आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस. “पेन्सिलीन लिवतंस ता बरा. घर बदलला तर पत्तो खोडूक बरो.”

“तुमचो काय संकल्प?”

“माझो? तुझ्या वाटेत येवचा नाय. गेल्या पाडव्याकपण ह्योच होतो.”

ती हसली नाही. ती शेवटची ओळ लिहीत होती. विचारले तर सांगायचे. नाही विचारले, तर नाही. याही संकल्पाला गाठ सैलच होती. पण पेन्सिल इतकी रुतली की मागच्या चार कोऱ्या पानांवर तिचे वळ उमटले.

खूप वर्षांपूर्वी, माहेरच्या घळीत, जिथे ऊनसुद्धा वाकून शिरते, तिथे तिला कोकमाचे एक झाड सापडले होते. एकेक फळ मुठीएवढे, रंग असा की संध्याकाळ त्याच्याकडून उसना घ्यावा. ओल्या शेवाळात गुंडाळून, पदराखाली धरून, बारा मैल चालत तिने त्याच्या कलमाच्या काड्या केंद्रावर आणल्या. तिने बांधल्या, तिने जगवल्या, अकरा वर्षे तिने राखल्या. मग कोकमाची नवी जात म्हणून ती जाहीर झाली. केंद्राचे प्रमुख डॉ. भार्गव खरवंडीकर यांनी तिला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. पुस्तिका निघाली. तिच्या मुखपृष्ठावर फळ होते आणि फळाखाली एक तळहात, मनगटापाशी कापलेला. तो तळहात गुणवंतीचा होता. आत, आभाराच्या पानावर, पावसाचेसुद्धा आभार होते.

त्या दिवसापासून तो कापलेला तळहात तिच्या आत कुठेतरी उघडमीट करीत राहिला. वर्षे गेली. साल भरली, जखम मात्र सालीआड हिरवीच राहिली.

आणि दैवाची करणी अशी, की निवृत्तीनंतर डॉक्टरांनी घर बांधले ते नेमके तिच्या गडग्यापलीकडे. गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला होता: पाडव्याच्या मुहूर्तावर अंगणात कोकम लावायचे आहे, त्याच जातीचे, आईच्या नावाचे. इथे कुणी कलमे बांधणाऱ्या बाई राहतात असे कळते.

कुणी बाई.

कोकमात नरझाड वेगळे, मादीझाड वेगळे. पान सारखे, साल सारखी, सावली सारखी. फूल येईपर्यंत भलाभला विद्वानही दोघांना ओळखू शकत नाही. ओळखते ती फक्त काडी कापणाऱ्याची स्मृती. नर फुलतो, भरभरून फुलतो, आणि आयुष्यभर एकही फळ धरीत नाही. आश्विनात गुणवंतीने दोन्ही बांधली होती. सडपातळ ती घळीतल्या झाडाची लेक. भरदार तो नर. निरोप आल्यापासून त्याला तिने रोज शेणखताचे पाणी पाजले होते, पानन्‌पान पुसले होते, वधासाठी सजवावे तसे सजवले होते.

उन्हे तुळशीपर्यंत आली तेव्हा डॉक्टर आले. काठी, पांढरा सदरा, थरथरते हात. पण मान तीच, पुस्तिकेतल्या प्रस्तावनेसारखी ताठ.

“तुम्ही केंद्रावर होतात ना? चेहरा पाहिल्यासारखा वाटतो. रोपवाटिकेत पाणी घालायला होतात, बरोबर?”

“होय सर,” गुणवंती म्हणाली. “पाणीच घालायची.”

“छान, छान. जुनी माणसं भेटली की बरं वाटतं.”

ते कट्ट्यापाशी गेले. एकदा या कलमाकडे, एकदा त्या कलमाकडे पाहिले. आणि मग ते थांबले. वारा थांबला, गुढीचे रेशीम मिटले. डॉक्टर वळले. त्यांचे ओठ विलग झाले. चौतीस वर्षे जे शब्द त्या ओठांवर आले नव्हते, ‘बाई, यातलं कुठलं?’, ते आता येणार असे तिला वाटले. आणि छातीत काहीतरी भीतीसारखे हलले, कारण त्या तीन शब्दांसाठी तिने सगळे विसरले असते. कापलेला हातसुद्धा.

“पाणी मिळेल का प्यायला?” डॉक्टर म्हणाले.

ती आत गेली. तांब्या भरला, वाटीत गुळाचा खडा ठेवला. बाहेर आली तेव्हा भरदार कलम त्यांच्या कुशीत होते.

“हे नेतो. वाढ बघा कशी आहे! जातिवंत मादीची लक्षणं लपत नाहीत. ती ओळखायला नजर असावी लागते. पाचव्या वर्षी फळ. पुस्तिकेत मीच लिहिलंय.”

“पुस्तिकेत आहे म्हणजे असणारच, सर.”

ते गूळ खाऊन, पाणी पिऊन, कलम लेकरासारखे छातीशी धरून गेले. ती पाहत राहिली. मग ताटातली कडुलिंबाची पाने उचलून, गूळ बाजूला सारून, तिने नुसतीच चावली. कडू, अधिक कडू, आणि शेवटी, जिभेच्या मुळाशी, अमृत.

“त्येका सांगलंस काय गो?” न्हानूने हलकेच विचारले. नवऱ्याला सारे ठाऊक होते. पत्र न फोडता आतला मजकूर ओळखणारा तो माणूस.

“विचारल्यान नाय.”

न्हानूने कोपऱ्यातली कुदळ उचलली. मग तो गडग्यापाशी गेला आणि खणू लागला.

तिथे, गडग्याला लागून, गुणवंतीने सडपातळ लेक लावली. नराच्या परागावाचून कोकम फळते, पण जेमतेम. आणि या वाडीत आजवर एकही नर नव्हता. आता आहे. दगडाच्या एका रांगेपलीकडे, प्रेमाने लावलेला, रोज पाणी मिळणारा, एका विद्वानाच्या मातृनावाचा.

पाचव्या पौषात तो फुलेल. फांदीफांदीला पिवळसर कळ्यांचे झुबके लगडतील, आणि काठी टेकून डॉक्टर खाली उभे राहतील, वर पाहत. सहाव्या पौषात पुन्हा. सातव्यात पुन्हा. फूल नराचे आहे असे डोळे सांगत असले, तरी आपली नजर चुकली हे ते मानणार नाहीत; प्रत्येक पौषात त्यांना वाटेल, या चैत्रात. प्रत्येक चैत्रात त्यांच्या अंगणात फक्त पाचोळा असेल. आणि दरवर्षी, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या बहरातून एक मधमाशी उठेल, त्यांचे सारे वैभव पायांना माखून गडगा ओलांडेल.

फूल तिकडे. फळ इकडे.

इकडे मुठीमुठीएवढे अंगार पेटतील, संध्याकाळपेक्षा लाल. त्यातला एक, गडग्यावरून, त्यांना दिसेल असा, कुणीतरी उंच धरील. फळाखाली एक तळहात असेल. आणि या वेळी तळहाताला मनगट असेल, मनगटाला दंड, दंडाला खांदा. आणि खांद्यावर, चैत्राच्या उन्हात, एक चेहरा.