सासूबाईंचा पहारा

भूगोलाच्या मॅडमचा फोन दुरुस्तीला गेला होता, म्हणून कॉलेजच्या खात्याची दुहेरी पडताळणी त्यांनी सासूबाईंच्या मोबाइलवर लावून घेतली. सासूबाईंना सांगायचं मात्र राहूनच गेलं. स्टाफरूममध्ये पासवर्ड टाकला, तर दोनदा नकार आला. मॅडमनी ऑफिसच्या फोनवरून घरी सासूबाईंना विचारलं.

“अगं, कोणीतरी तुझ्या नावानं कॉलेजात घुसतंय. मोबाइलनं ‘येऊ देऊ का?’ विचारलं, मी ‘नाही’ दाबून हाकलून लावलं.”

“आई, ती मीच.”

“कशावरून? सांग, काल भाजीत मीठ घालायला कोण विसरलं?”

“तुम्ही.”

“मग तू चोरच. माझी सून असं तोंडावर बोलायची नाही.”

मॅडमची हसून हसून मुरकुंडी वळली. तशातच त्यांनी पुन्हा पासवर्ड टाकला. सासूबाईही खिदळत होत्या. त्या भरात त्यांचं बोट परत ‘नाही’वरच पडलं आणि तिसऱ्या नकारानं खातं बंद झालं. दोघींना त्याचंही हसूच आलं.